चेहरा नसलेलं चित्र आणि काळेपणाचा पुरावा

१९३६ साली जोहान्सबर्गमध्ये ब्रिटिश साम्राज्याचं मोठं प्रदर्शन भरलं. त्या निमित्ताने दक्षिण आफ्रिकेच्या 'नेटिव्ह अफेअर्स' खात्याने अर्नेस्ट मंकोबा या तरुण शिल्पकारापुढे एक प्रस्ताव ठेवला. पर्यटकांना विकता येतील अशा 'अस्सल देशी' वस्तू बनवायच्या आणि त्याबद्दल बांधीव पगार घ्यायचा. मंकोबांनी नाही म्हटलं. १९३८ मध्ये ते पॅरिसला गेले. जर्मनांनी फ्रान्स घेतल्यावर ब्रिटिश प्रजाजन म्हणून त्यांना छावणीत डांबलं गेलं, आणि तिथे असतानाच डॅनिश शिल्पकार सोन्या फेर्लोव यांच्याशी त्यांचं लग्न झालं. १९४० चं त्यांचं 'कंपोझिशन' पाहिलं तर मुखवट्यासारखा एक आकार चौकटी आणि पाचरींमध्ये फुटत चाललेला दिसतो. युद्धानंतर ते डेन्मार्कमध्ये 'कोब्रा' या युरोपीय चित्रकारांच्या गटाबरोबर होते. गटाच्या इतिहासात मात्र त्यांचं नाव कितीतरी वर्षं धड आलंच नाही. मायदेशात त्यांनी काळं दिसावं अशी अट होती, युरोपात ते दिसतच नव्हते.

आफ्रिकी किंवा आफ्रिकी वंशाचा अमूर्त चित्रकार आजही याच कात्रीत आहे. 'यात आफ्रिका कुठे आहे?' असं एकाने विचारायचं, आणि 'अमूर्ताला कसली जात नि कसला वर्ण!' असं म्हणून दुसऱ्याने विषय संपवायचा. मला दोन्ही आळशी वाटतात. चित्रात काळेपणाची खूण असलीच तर ती चित्र घडवण्याच्या रीतीत असते. कागद कोणता, किती आकाराचा, कोणता थर आधी बसला, कोणती खूण मोडली आणि ती का मोडावी लागली, हे सगळं पाहावं लागतं. ते वाचायचे कष्ट घ्यायचे नसतील तर पहिला प्रश्न विचारण्याचा हक्क उरत नाही. दुसरं उत्तर तर बोलूनचालून पळवाट आहे.

आधी बाजाराबद्दल. फेब्रुवारी २०२० मध्ये लंडनला फिलिप्सच्या लिलावात घानाचे चित्रकार अमोआको बोआफो यांचं एक चित्र आलं: लिंबांच्या छापाचा पोहण्याचा पोशाख घातलेली काळी स्त्री. अंदाज होता ३० ते ५० हजार पौंडांचा, ते गेलं ६,७५,००० पौंडांना. पुढची दोनतीन वर्षं बाजार काळ्या माणसांच्या व्यक्तिचित्रांमागे धावत सुटला. बोआफो त्वचा ब्रशने नाही, बोटांनी रंगवतात. त्यामुळे चेहऱ्यावर रंगाचे पीळ उमटतात आणि कपडा सपाट राहतो. चित्रकार म्हणून त्यांच्यात दम आहे. तक्रार आहे ती गिऱ्हाइकाबद्दल. मोबाइलच्या पडद्यावर, अंगठ्याएवढ्या आकारातसुद्धा ज्याचं काळेपण ओळखू येतं, ते चित्र घ्यायला सोपं. घेणाऱ्याला आपण योग्य बाजूला उभे आहोत याची पावती लगेच मिळते. अमूर्त चित्र अशी पावती देत नाही. मग त्या चित्रकारावर दडपण येतं की निदान एखादं आदिंक्रा, म्हणजे घानाचं पारंपरिक, चिन्ह टाक, मुखवट्याची कड दाखव, वाकडीतिकडी नक्षी तरी काढ. १९३६ च्या प्रस्तावातला फक्त पगार बदलला.

'आफ्रिकी' आणि 'काळा' हे दोन शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात, तो घोळही इथेच निस्तरायला हवा. कासाब्लांका कलाशाळेचे फरीद बेल्काहिया, मोहम्मद मेलेही, मोहम्मद शाबा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये माराकेशच्या जमा अल-फना चौकात उघड्यावर चित्रं टांगली. सापवाले, गारुडी, फळांच्या गाड्या, आणि त्यांच्यामध्ये भौमितिक अमूर्त चित्रं. मेलेही लाकडी फळ्यांवर गाड्यांना मारतात तो सेल्युलोज रंग वापरत. बेल्काहियांनी पुढे कॅनव्हास सोडला आणि लाकडावर कातडं ताणून त्यावर मेंदीने रंगवायला घेतलं. हे पुरतं आफ्रिकी अमूर्त आहे, पण त्यात काळेपणाचा प्रश्नच नाही. भांडण फ्रेंचांनी लादलेल्या सलोन परंपरेशी, म्हणजे बंद दालनांतल्या प्रदर्शनांच्या चाकोरीशी होतं. तिकडे नायजेरियात झारियाच्या कलाविद्यार्थ्यांनी १९५८ मध्ये आर्ट सोसायटी काढली. त्यातल्या उचे ओकेके यांनी इग्बो बायकांच्या 'उली' रेषेला हात घातला. ही रेषा अंगावर वनस्पतीच्या रसाने आणि भिंतीवर मातीच्या रंगांनी काढत. ती मध्ये फुगते, टोकाला निमुळती होते, आणि भोवती भरपूर जागा मोकळी सोडते. अंगावरची उली काही दिवसांत पुसली जाते. ओकेकेंची आई स्वतः उली काढायची. त्यांचा झगडा इंग्रजी अभ्यासक्रमाशी होता. इग्बोबहुल गावात 'मी काळा आहे' असं कोणाला सांगायची वेळ येत नाही. ती येते लंडनला, न्यूयॉर्कला, आणि वर्णभेदाच्या काळात यायची जोहान्सबर्गला, काळ्यांना सक्तीचा असलेला पास दाखवताना.

म्हणून एखादं संग्रहालय 'आफ्रिकी अमूर्ततेतील कृष्णवर्णीय अस्मिता' अशा नावाखाली मोरोक्को, सुदान, नायजेरिया आणि ब्रुकलिन एकाच दालनात कोंबतं, तेव्हा भिंत भरते पण चित्रं मुकी होतात.

सुदानचंच उदाहरण जरा सविस्तर घेऊ, कारण तिथे प्रश्न सर्वांत गुंतागुंतीचा आहे आणि उत्तर सर्वांत स्वच्छ. इब्राहिम अल-सलाही यांचा जन्म १९३० चा, ओमदुरमानचा. वडील कुराण शिकवत. मुलाने अक्षरं गिरवली ती लाकडी पाटीवर. १९५४ ते ५७ लंडनच्या स्लेड कलाशाळेत शिकून ते परतले, खार्तुममध्ये चित्रं मांडली, आणि लोक फिरकले नाहीत. त्यांनी दोनेक वर्षं चित्रकला थांबवली आणि देशभर हिंडून लोक भिंतींवर, टोपल्यांवर, खोगिरांवर काय काढतात ते पाहिलं. मग चित्राच्या कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढी अरबी अक्षरं टाकायला सुरुवात केली. लोक थोडे जवळ आले. अक्षरं कॅनव्हासभर पसरली, लोक आणखी जवळ आले. इथपर्यंतची गोष्ट कोणत्याही 'देशीकरणा'ची म्हणता येईल, आणि अनेक जण इथेच थांबले. सुबक सुलेखन घालायचं आणि त्याला परंपरा म्हणायचं.

अल-सलाहींनी त्यापुढचं केलं. त्यांनी अक्षर मोडलं. अक्षराचा अर्थ काढून टाकला आणि त्याची वळणं, पोटं, दोन अक्षरांमधली फट एवढंच ठेवलं. त्या फटींमध्ये जनावरं, झाडं, मुखवट्यासारखे लांबुळके चेहरे दिसू लागले. रंगही उतरवले: काळा, पांढरा, भाजलेली सिएना (तांबूस तपकिरी), पिवळी माती. त्यांच्या मुलखातल्या जमिनीचे रंग. सुदानमध्ये अरब असणं आणि आफ्रिकी असणं यांत जे ताणतणाव आहेत, त्यांवर त्यांनी घोषणा लिहिली नाही. अरबी अक्षर फोडून त्यातून आफ्रिकी मुखवटा बाहेर काढला, तोही अक्षराच्या हाडांनाच धरून. हे एकदा दिसलं की 'यात आफ्रिका कुठे' असं विचारायचं कोणाच्या तोंडून निघणार नाही.

सप्टेंबर १९७५ मध्ये सरकारविरोधी कारवायांच्या आरोपावरून त्यांना अटक झाली. खटला न चालवता सहा महिने कोबर तुरुंगात ठेवलं. कागद सापडला तर एकांतकोठडी. त्यांनी सिमेंटच्या पिशव्यांचे छोटे तुकडे मिळवले, त्यांवर रेखाटलं आणि ते वाळूत पुरून ठेवले. एका तुकड्यावर जे मावेना ते शेजारच्या तुकड्यावर न्यायचं, अशी वाढवत नेण्याची रीत तिथे हाताला बसली. तुरुंगाबाहेर आल्यावर कागदाला तोटा नव्हता, पण रीत राहिली. १९८४–८५ चं 'द इनएव्हिटेबल' हे प्रचंड चित्र नऊ वेगवेगळ्या फलकांवर काळ्या शाईने काढलेलं आहे. फलकांमधल्या रेघा लपवलेल्या नाहीत. हात, मुठी, चेहरे त्या सांध्यांवरून पलीकडे जातात आणि जाताना किंचित सरकतात. छापील पुस्तकात तो सांधा बारीक राखाडी रेषा होऊन जातो आणि वाचणारा मुठींकडे पाहत बसतो. सुदानचे हुकूमशहा निमेरी यांची राजवट कोसळली त्या वर्षीचं चित्र म्हणून मुठी महत्त्वाच्या आहेतच. पण माझ्या मते त्या चित्राचं राजकारण सांध्यात जास्त आहे. लंडनच्या टेट मॉडर्न संग्रहालयाने २०१३ मध्ये त्यांचं सिंहावलोकन केलं. आफ्रिकी आधुनिक चित्रकाराला तिथे तो मान मिळण्याची ती पहिली वेळ. तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती.

आता उलट बाजूचा आक्षेप. हा उजवीकडून किंवा बाजारातून आलेला नाही. तो आपल्याच माणसांकडून आला आणि म्हणून जास्त बोचरा आहे. १९८५ मध्ये दक्षिण आफ्रिकेत डेव्हिड कोलोआने आणि बिल एन्स्ली यांनी थुपेलो कार्यशाळा सुरू केली. नमुना होता न्यूयॉर्क राज्यात १९८२ पासून भरणाऱ्या ट्रायँगल कार्यशाळेचा. दोन आठवडे एकत्र राहायचं, साहित्य भरपूर, विषयाची सक्ती नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये देशात आणीबाणी लागली होती. टाउनशिप, म्हणजे काळ्यांसाठी राखलेल्या वस्त्या, पेटल्या होत्या, रोज अंत्ययात्रा निघत होत्या, आणि इथे काळे चित्रकार मोठमोठ्या कॅनव्हासवर ॲक्रिलिक ओतत होते! टीका झाली की ही अमेरिकी अमूर्ताची नक्कल आहे, पैसाही अमेरिकेकडून येतो, आणि लढ्याला याचा उपयोग शून्य.

यातलं खरं ते मान्य करून टाकू. काही चित्रं नक्कलच होती. रंग ओतायचा, ताणायचा, मध्येच खरवडायचा, आणि परिणाम थेट कोणत्या तरी अमेरिकी कॅटलॉगमधला. पैशाबद्दलचा संशयही हवेतला नव्हता. नायजेरियात इबादानला १९६१ मध्ये सुरू झालेल्या म्बारी क्लबला ज्या 'काँग्रेस फॉर कल्चरल फ्रीडम'कडून मदत मिळे, तिच्यामागे सीआयए होती हे पुढे उघड झालंच. पण त्याच म्बारीत अल-सलाहींची चित्रं लागली. देणाऱ्याचा हेतू आणि रंगवणाऱ्याचा हेतू एकच असतो असं मानलं, तर चर्चने दिलेल्या पैशांतून झालेली निम्मी युरोपीय चित्रकला रद्द करावी लागेल.

टीकाकारांच्या नजरेतून सुटलं ते वेगळंच. त्याआधी काळ्या चित्रकाराला वाट एकच मोकळी होती. 'टाउनशिप आर्ट' नावाचा प्रकार: गल्ली, पत्र्याचं घर, उपाशी मूल, बासरी वाजवणारा म्हातारा. कोळसा, पेस्टल किंवा जलरंग, आणि कागद लहान. लहान का? एक तर महाग साहित्य परवडत नसे. दुसरं म्हणजे काड्यापेटीसारख्या घरात, सात-आठ माणसांमध्ये, मोठा कॅनव्हास उभा करायला भिंतच नव्हती. विकत घेणारे बहुतेक गोरे. त्यांच्या दिवाणखान्यात दुसऱ्याचं दुःख माफक आकारात टांगलं जाई. कोलोआनेंचा मुद्दा असा की वर्णभेद हा मुळात जागेचा कारभार होता. कोणी कुठे राहायचं, कुठल्या बाकावर बसायचं, किती वाजता शहर सोडायचं. मग दोन मीटर रुंद कॅनव्हासपुढे उभं राहून खांद्यापासून हात फिरवणं, चुकलं तर दुसरा घेणं, जे गोऱ्या कलाशाळेतला विद्यार्थी बिनदिक्कत करतो, ते करायला मिळणं ही चैन कशी? काळ्या चित्रकाराने फक्त काळ्यांचं दुःखच काढावं, हा नियम सरकारचाही होता आणि गॅलरीचाही. चळवळीने तोच नियम वेगळ्या कारणासाठी उचलून धरावा, यातली विसंगती १९८९ मध्ये वर्णभेदविरोधी लढ्यातले वकील आल्बी सॅक्स यांनी आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या अंतर्गत चर्चेसाठी लिहिलेल्या टिपणात चव्हाट्यावर आणली. 'संस्कृती हे लढ्याचं हत्यार आहे' असं म्हणायला काही वर्षं बंदी घालावी, असं त्यांनी सुचवलं. तेव्हा ते नुकतेच बाँबहल्ल्यातून वाचले होते, एक हात गेला होता. आरामखुर्चीतला माणूस म्हणून त्यांना मोडीत काढता येईना.

मराठी वाचकाला ही चर्चा परकी वाटू नये. काळ्यांची अस्मिता आपल्याकडे आली ती दलित पँथरच्या नावातून, कवितेतून, आत्मकथनांतून. त्यामुळे काळ्या कलावंताने साक्ष द्यावी, अनुभव सांगावा, अशी अपेक्षा आपल्या मनात घट्ट आहे, आणि दलित चित्रकाराकडूनही आपण तेच मागतो. साहित्यात ती मागणी एका काळी न्याय्य होती. पण रंगांच्या थरांपुढे तीच पट्टी घेऊन उभं राहिलं की मोजायला काही सापडत नाही, आणि दोष मात्र चित्राला लागतो.

साक्ष आणि अमूर्त यांचं वैर असतंच असंही नाही. जुली मेहरेतू यांचा जन्म १९७० चा, अदिस अबाबाचा. १९७७ मध्ये कुटुंब अमेरिकेला गेलं. सुरुवातीच्या चित्रांत त्या इमारतींचे नकाशे आणि दर्शनी आराखडे शाईने गिरवत, त्यावर पारदर्शक ॲक्रिलिकचा थर देत, तो कोरडा झाल्यावर घासून गुळगुळीत करत आणि वर पुन्हा रेखाटत. थर जितके खोल, तितकी खालची रेषा धुक्यात गेल्यासारखी. इथे घाई चालत नाही. खालचा थर पुरता वाळला नसेल तर वरचा थर दुधाळ होतो आणि शाई फुटते. २०१६ च्या 'कंज्युअर्ड पार्ट्स' मालिकेतल्या एका चित्रात तळाशी इमारत नाही, वृत्तछायाचित्र आहे. अमेरिकेतल्या फर्ग्युसनमध्ये २०१४ साली पोलिसाने मायकल ब्राउन या काळ्या मुलाला गोळी घातल्यावर जी निदर्शनं झाली, त्यांचं छायाचित्र संगणकावर इतकं धूसर केलं की माणूस, पोलीस, धूर काहीच ओळखू येऊ नये. तो धूसर रंग कॅनव्हासवर फवारला, मग वर काळ्या शाईचे फटकारे, खोडणं, घासणं. फर्ग्युसन उरतं ते शीर्षकात.

'हे तर शीर्षकाच्या जिवावर उभं आहे', असं यावर म्हटलं जातं. अंशतः बरोबर आहे. शीर्षक झाकलं तर प्रेक्षकाला फर्ग्युसन सापडणार नाही. पण ते छायाचित्र जगाने हजार वेळा पाहिलं होतं आणि त्यातल्या काळ्या शरीराकडे पाहायची सवय होऊन गेली होती. तेच शरीर पुन्हा एकदा दाखवायचं नाकारणं आणि त्याचा प्रकाश तेवढा तळाशी ठेवणं, हा विचारपूर्वक घेतलेला निर्णय आहे. माझा आक्षेप दुसरीकडे आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यूयॉर्कला सदबीजच्या लिलावात मेहरेतूंचं २००८ चं एक चित्र १ कोटी ७ लाख डॉलरना गेलं आणि मथळे झळकले: 'आफ्रिकेत जन्मलेल्या कलावंताचा विक्रम'. सातव्या वर्षी देश सोडलेल्या बाईच्या चित्रावर हा शिक्का मारून कोणाला काय कळलं? त्या चित्रात किती थर आहेत, हे मथळ्याच्या खालीही कोणी लिहिलं नाही.

पाहायचं कसं, याचं काही ठोस सांगता येतं. चित्राशेजारची माहितीची चिठ्ठी आधी वाचू नये. चित्रापासून दहा पावलांवर उभं राहून आकार आपल्या शरीराच्या मानाने केवढा आहे ते पाहावं, मग हातभर अंतरावर यावं आणि मध्यभाग सोडून कडा पाहाव्यात. कडेला चित्रकार गाफील असतो. खालचे थर तिथे डोकावतात, आधीचा रंग कोणता होता ते कळतं. मग बाजूने, प्रकाशाच्या तिरक्या रेषेत पाहावं, म्हणजे कुठे घासलंय, कुठे रंग चढलाय ते दिसतं. छायाचित्रात हे दिसत नाही. मेहरेतूंच्या चित्राचा फोनवरचा फोटो म्हणजे निव्वळ गिचमीड. कोणता थर आधी आणि कोणता नंतर, याचा अंदाज बांधून झाल्यावर चिठ्ठीकडे वळावं.

आणि चिठ्ठ्या बहुधा निराश करतात. घानाचे अट्टा क्वामी (१९५६–२०२१) यांच्या रंगीत पट्ट्यांच्या चित्रांखाली 'आफ्रिकी वस्त्रांची लय' अशा छापाचं काहीतरी लिहिलेलं असतं. आपल्या वासुदेव गायतोंड्यांच्या कॅनव्हासखाली 'झेन' लिहून मोकळं व्हायचं, त्यातलीच ही गत. मुळात केंटे हे घानाचं कापड विणतात ते चार इंचांच्या आसपास रुंदीच्या लांब पट्ट्यांत, आणि मग पट्ट्या कडेला कड लावून शिवतात. शिवताना एका पट्टीतला चौकोन शेजारच्या पट्टीतल्या चौकोनाशी जुळवायचा की मुद्दाम चुकवायचा, हे ठरवावं लागतं. क्वामींच्या चित्रात तो चुकवलेला सांधा सतत भेटतो. शिवाय घानातल्या कुमासी शहराच्या रस्त्यावरच्या टपऱ्या, दुकानांच्या पाट्या रंगवणारे, उत्तर घानातल्या रंगवलेल्या भिंती हे सगळं त्यांनी अभ्यासक म्हणूनही धुंडाळलं होतं आणि कुमासीच्या चित्रकारांवर पुस्तक लिहिलं होतं. त्यांच्या पट्ट्यांच्या कडा हाताने ओढलेल्या, थरथरत्या आहेत. टेप लावून काटेकोर कड काढणाऱ्या चित्रकारांच्या शेजारी त्या टांगल्या तर फरक एका नजरेत कळतो.

तेव्हा चिठ्ठीवर दोन ओळी हव्यात: पट्टी किती रुंद विणतात, आणि सांधा कुठे चुकवला आहे. त्या लिहायला क्युरेटरला कुमासीच्या विणकराशी बोलावं लागेल. 'लय' लिहायला कोणाशीच बोलावं लागत नाही, आणि प्रदर्शनाची तारीख जवळ आलेली असते.